तीन पिढ्या, एक जहाज: आजी-आजोबा आणि नातवंडांना घेऊन क्रूझवर जाण्याआधी काय ठरवायचं?

आजोबांचे गुडघे दुखतात, आजीला उपवासाचं खाणं लागतं, नातवाला दिवसभर पाण्यात डुंबायचंय आणि आई-बाबांना चार दिवस निवांत झोपायचंय. अशा घराची सहल ठरवणं म्हणजे डोकेदुखीच. थंड हवेचं ठिकाण म्हटलं की चढ आले. देवदर्शन म्हटलं की मुलं कंटाळतात. युरोपची टूर काढली तर रोज नवं हॉटेल आणि पहाटे पाचला बॅगा खाली आणायच्या.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पर्याय वारंवार येऊ लागलाय, तो म्हणजे क्रूझ. सगळं कुटुंब एकाच जहाजावर, खाणं तिथेच, करमणूक तिथेच. ऐकायला सोपं वाटतं आणि बरंचसं सोपं असतंही. पण जहाज एकदा बंदरातून सुटलं की विसरलेलं औषध आणायला परत फिरता येत नाही. त्यामुळे तीन पिढ्यांची क्रूझ चांगली होणार की नाही, हे बहुतेक वेळा जमिनीवर असतानाच ठरतं.

क्रूझ कुटुंबांना सोयीची का वाटते?

क्रूझ म्हणजे फिरतं हॉटेल. रात्री जहाज चालतं आणि सकाळी नव्या बंदराला लागतं. खोली तीच राहते, त्यामुळे बॅग एकदाच उघडायची आणि शेवटच्या दिवशी भरायची. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांसाठी हा सगळ्यात मोठा फायदा.

दुसरा फायदा असा, की सगळ्यांनी सगळीकडे जायची सक्ती नसते. बंदरावर उतरायचं नसेल तर आजी-आजोबा जहाजावरच थांबू शकतात. मुलं किड्स क्लबमध्ये, आई-बाबा डेकवर, आजोबा लायब्ररीत आणि रात्री सगळे एका टेबलावर, असा दिवस हॉटेलपेक्षा जहाजावर सहज जमतो.

आपल्याकडून कुठून जाता येतं?

महाराष्ट्रातल्या कुटुंबांपुढे साधारण तीन पर्याय असतात.

पहिला, मुंबईहून. कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून भारतीय किनाऱ्यावर फिरतंय. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं हे जहाज आधी रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होतं. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरी त्यावर असतात. बॅलार्ड पिअरजवळच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईहून जायचं तर दिवाळीनंतरचे महिने बरे.

दुसरा, सिंगापूरहून. तीन-चार रात्रींत मलेशिया किंवा थायलंडचं एखादं बंदर पाहून जहाज परत येतं. सिंगापूरची सहल आणि क्रूझ असं एकत्र पॅकेज अनेक टूर कंपन्या विकतात.

तिसरा पर्याय, मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेल्या घरांचा. अमेरिकेत राहणारी मुलं आई-वडिलांना बोलावून घेतात आणि फ्लोरिडाहून कॅरिबियन बेटांची किंवा सिएटलहून अलास्काची क्रूझ करतात. इथे कागदपत्रांचा गुंता सगळ्यात जास्त असतो. त्याबद्दल पुढे.

पहिल्यांदाच जाणार असाल तर दोन-तीन रात्रींची सफर पुरे. आजी-आजोबांना जहाज मानवतं का, मुलं रमतात का, हे कळलं की पुढच्या वेळी मोठी सफर ठरवता येते.

मोठं जहाज चांगलं की लहान?

२०२४ मध्ये सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज ३६५ मीटर लांब आणि २० डेकचं आहे. मुलांसाठी त्यावर वॉटरपार्कच आहे. पण केबिन एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला असेल, तर नाश्ता, जेवण आणि रात्रीचं जेवण एवढ्यासाठीच आजोबांना दोन किलोमीटर चालावं लागू शकतं. ‘एम्प्रेस’ साधारण २११ मीटर लांब आहे. तिथे खेळ कमी, पण पायपीटही कमी.

त्यामुळे जहाजावर किती स्लाइड्स आहेत हे पाहताना डेक प्लॅनही पाहायला हवा. लिफ्ट कुठे आहे, जेवणाचा हॉल कोणत्या डेकवर आहे, त्यापासून केबिन किती लांब आहे, हे सगळं त्या नकाशात दिसतं.

केबिन निवडताना काय पाहायचं?

सात माणसं एका केबिनमध्ये मावत नाहीत. साधारणपणे दोन किंवा तीन केबिन घ्याव्या लागतात. इथे दोन शब्दांत गल्लत होते. ‘कनेक्टिंग’ केबिन म्हणजे आतून दार असलेल्या दोन खोल्या. ‘ॲडजॉइनिंग’ किंवा ‘ॲडजेसंट’ म्हणजे फक्त शेजारच्या. रात्री आजीला काही लागलं तर हाक ऐकू यायला हवी असेल, तर कनेक्टिंगच मागा आणि बुकिंगच्या कागदावर तसं लिहून घ्या.

नेहमीच्या केबिनच्या बाथरूमला बऱ्याचदा उंबरठा असतो आणि आंघोळीची जागा अगदी अरुंद असते. व्हीलचेअर किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, आधाराच्या दांड्या बसवलेल्या वेगळ्या केबिन असतात. पण प्रत्येक जहाजावर त्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. व्हीलचेअर लागत असेल तर स्वतःची न्यावी. बहुतेक जहाजांवरच्या व्हीलचेअर चढण्या-उतरण्यापुरत्या किंवा आणीबाणीसाठी असतात, दिवसभर वापरायला मिळत नाहीत.

बाल्कनीची केबिन आजी-आजोबांसाठी छान. बसल्या जागी समुद्र दिसतो. पण त्याच केबिनमध्ये लहान नातवंडं झोपणार असतील तर दोन नियम पक्के करा. मोठं माणूस नसताना बाल्कनीचं दार बंद, आणि खुर्ची कधीही कठड्याला टेकवून ठेवायची नाही.

बोट लागली तर?

आजच्या आजी-आजोबांपैकी अनेकांच्या आठवणीत कोकणची आगबोट आहे. भाऊच्या धक्क्यावरून ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’ यांसारख्या बोटी सुटायच्या आणि रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे जायच्या. डेकवर सतरंजी अंथरून केलेला तो प्रवास आणि त्यात लागलेली बोट ज्यांनी अनुभवली आहे, ते क्रूझला पटकन हो म्हणत नाहीत.

त्यांना सांगता येईल की क्रूझ जहाज त्या बोटींपेक्षा कितीतरी मोठं असतं. शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डोलणं कमी होतं. पूर्ण थांबत नाही. झोका सगळ्यात कमी जाणवतो तो जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी तिथलीच केबिन घ्यावी. वरच्या डेकवरची टोकाची केबिन महाग असली तरी ती जास्त हलते.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. वयस्कर माणसांना गोंधळल्यासारखं होऊ शकतं, तोल जाऊ शकतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना यातली काही औषधं चालत नाहीत. ॲव्होमिनमध्ये असतं ते प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत. म्हणजे घरात एकच पाकीट आणून सगळ्यांना वाटायचं, असं करू नये. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून प्रत्येकाचं औषध वेगळं ठरवा.

जहाजावर डॉक्टर असतो, हॉस्पिटल नसतं

तीन पिढ्यांच्या क्रूझमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि जाहिरातीत तो दिसत नाही.

मोठ्या क्रूझ जहाजांवर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात. ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या प्राथमिक तपासण्या, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर अशी सोय असते. ताप, जुलाब, पडून झालेली इजा, वाढलेलं बीपी यावर उपचार होतात. पण हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात झाला, तर या दवाखान्याचं काम रुग्णाला स्थिर ठेवून किनाऱ्यावर पोहोचवणं एवढंच असतं. तिथे अँजिओप्लास्टी किंवा मोठी शस्त्रक्रिया होत नाही. हेलिकॉप्टर येऊ शकतं, पण किनाऱ्यापासूनचं अंतर आणि हवामान दोन्ही जुळलं तरच. नाहीतर पुढच्या बंदराची वाट पाहावी लागते.

म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी करायला हव्यात.

एक, डॉक्टरांची भेट. ‘क्रूझला जाऊ का?’ एवढंच विचारू नका. किती दिवस, कोणता मार्ग, सलग किती दिवस फक्त समुद्रात, हे सांगून विचारा. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, छातीत दुखत असेल, डायलिसिस चालू असेल तर ही भेट टाळू नये. ‘या वर्षी नको’ असं उत्तर आलं तर ते मान्य करायचीही तयारी ठेवा.

दोन, औषधं हातातल्या पिशवीत. बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला काही तास लागतात. सफरीच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची औषधं जास्त घ्या. औषधांच्या मूळ नावांची यादी, जुना ईसीजी आणि ॲलर्जीची माहिती एका कागदावर लिहून ठेवा आणि फोनमध्येही ठेवा. इन्सुलिन असेल तर केबिनमधला छोटा फ्रीज पुरेसा थंड असतो का, हे आधी विचारा. अनेक जहाजांवर तो फक्त पेयं गार ठेवण्यापुरता असतो.

तीन, विमा. घरचं मेडिक्लेम कार्ड जहाजावर कॅशलेस चालेल असं धरून चालू नका. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल सहसा केबिनच्या खात्यावर पडतं. ते आधी भरायचं आणि विम्याचा दावा नंतर करायचा. परदेशी क्रूझसाठी प्रवास विमा घेताना दोन ओळी शोधा. आधीपासून असलेले आजार धरले आहेत का, आणि जहाजावरून हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च मिळतो का. डायबेटिस किंवा हृदयविकार लपवून घेतलेला विमा ऐनवेळी नाकारला जाऊ शकतो.

आणि एक प्रश्न घरात मोकळेपणाने बोलून ठेवा. आजोबांना मध्येच एखाद्या बंदरात उतरवून हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तर त्यांच्यासोबत कोण उतरणार? जहाज थांबणार नाही. जो उतरेल त्याच्याकडे आजोबांचा पासपोर्ट, विम्याचा कागद, क्रेडिट कार्ड आणि चालणारा फोन हवा. उरलेल्या मुलांसोबत कोण राहणार, हेही ठरलेलं हवं. हा विषय अशुभ वाटतो म्हणून टाळला जातो. पण वेळ आलीच, तर दवाखान्याच्या दारात उभं राहून हे ठरवणं जास्त जड जातं.

मुलांसाठीचे नियम

अनेक आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत. सलग बरेच दिवस समुद्रात असणाऱ्या सफरींना ही मर्यादा १२ महिन्यांची असते. गर्भवती सुनेला किंवा लेकीला नेणार असाल तर तिथेही नियम आहे. सफर संपण्याआधी २४ वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या प्रवास नाकारतात.

किड्स क्लबमध्ये साधारण तीन वर्षांपासून पुढच्या मुलांना घेतात आणि त्यांचा डायपर सुटलेला असावा लागतो. डायपरमधल्या बाळांना मुख्य स्विमिंग पूलमध्येही बऱ्याच ठिकाणी बंदी असते. स्विम डायपर घातला तरी चालत नाही. सगळ्या जहाजांवर जीवरक्षक नसतो. त्यामुळे मूल पाण्यात असेल तेव्हा एका मोठ्या माणसाची नजर फक्त त्याच्यावर हवी, फोनवर नको.

हात धुण्याची सवय इथे फार महत्त्वाची. जहाजावर पसरणारा नोरोव्हायरस उलट्या-जुलाबांनी हैराण करतो. लहान मुलं आणि वृद्ध यांच्या अंगातलं पाणी त्यामुळे लवकर कमी होतं. सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. जेवणाआधी साबण आणि पाणीच वापरा.

पहिल्याच दिवशीचा सराव चुकवू नका

१३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीजवळ खडकावर आदळलं. त्यात ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जहाजावर चढलेल्या अनेकांचा सुरक्षेचा सराव झालाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घेणं बंधनकारक झालं.

कुटुंबाने यात बघायचं ते असं: सगळ्यांचं जमायचं ठिकाण एकच आहे का? केबिन वेगवेगळ्या भागांत असतील तर ते वेगळं असू शकतं. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही. आजीला जिने उतरता येत नसतील तर ते पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा, म्हणजे त्यांच्या यादीत नोंद होते.

कागदपत्रं: एकाच घरात तीन प्रकार

भारतीय बंदरांपुरत्या सफरीला सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. मुलांचंही लागतं. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. नातवंडांचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्यांचे नियम वेगळे, ते बुकिंगआधीच विचारा.

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझसाठी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. जहाज बाहेर जाऊन पुन्हा सिंगापूरला येतं. म्हणून व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश आहे का, हे पाहा. वाटेतल्या देशांचे नियमही तपासा.

अमेरिकेतल्या घरांची अडचण वेगळी असते. नातवंडं अमेरिकी नागरिक, मुलगा-सून वर्क व्हिसावर आणि आजी-आजोबा टुरिस्ट व्हिसावर, म्हणजे एका कुटुंबाला तीन नियम. सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं कॅनडातल्या एखाद्या बंदराला थांबतात, बहुतेकदा व्हिक्टोरियाला. तिथे काही तासच थांबायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवाल्या आजी-आजोबांना कॅनडाचा व्हिसा लागतो. नातवंडांना लागत नाही, म्हणून ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात येत नाही आणि बंदरावर आजी-आजोबांनाच चढू देत नाहीत.

आई-बाबा न येता फक्त आजी-आजोबा नातवंडांना नेत असतील, तर दोन्ही पालकांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र सोबत ठेवा. मूल आजारी पडलं तर उपचारांना संमती देण्याचा अधिकारही त्यात लिहिलेला असावा.

तिकिटाच्या पलीकडचा खर्च

केबिनचं भाडं सहसा दोन माणसांच्या हिशोबाने असतं. तिसऱ्या-चौथ्याला सवलत मिळते, पण एकटं माणूस केबिनमध्ये राहिलं तर जवळपास दोघांचं भाडं पडतं. आजोबा नसलेल्या घरात आजीच्या केबिनचा प्रश्न इथे येतो. तिला वेगळी खोली हवी आहे की नातीसोबत राहायला आवडेल, हे तिलाच विचारा. पैसे वाचवायला म्हणून परस्पर ठरवू नका.

परदेशी जहाजांवर टिप दर माणशी, दर दिवशी आपोआप लागते. १६ डॉलर धरले तरी सात माणसांचे सात दिवसांचे ७८४ डॉलर होतात. बंदर शुल्क, इंटरनेट, सॉफ्ट ड्रिंक्स, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं बऱ्याचदा वेगळं असतं. समुद्रात मोबाइल जहाजाच्या नेटवर्कला जोडला गेला तर बिल भरमसाट येतं. म्हणून चढल्यावर आजी-आजोबांचे फोन सगळ्यात आधी फ्लाइट मोडवर टाका.

केबिनची चावी असलेलं कार्डच जहाजावर पैशांसारखं चालतं. मुलांच्या कार्डवरून खरेदी बंद करून घेता येते. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन सांगा.

जेवण आणि उपवास

भारतीय जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. परदेशी जहाजावर भारतीय शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. घरचे पदार्थ बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत. पॅकबंद खाकरा, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू सहसा चालतात. पण आजीच्या चहासाठी बॅगेत टाकलेली इलेक्ट्रिक किटली मात्र आगीच्या धोक्यामुळे काढून घेतली जाते.

रात्रीच्या जेवणाच्या दोन वेळा असतील तर लवकरची घ्या. आजोबांची गोळी आणि नातीची झोप, दोन्ही साधतं.

बंदरावर उतरताना

सगळीकडे जहाज धक्क्याला लागत नाही. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी ते खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं. जुन्या कोकणी माणसाला हा प्रकार माहीत आहे, आगबोटीतून पडावात उतरायचे तसाच. हलत्या बोटीत पाऊल टाकणं गुडघेदुखीच्या माणसाला अवघड जातं आणि व्हीलचेअर तर अनेकदा नेताच येत नाही. मार्गातल्या किती बंदरांवर असं उतरावं लागतं, हे आधी विचारा.

नातवंडं कोण सांभाळणार?

आई-बाबांना वाटतं, आजी-आजोबा आहेत म्हणजे मुलं त्यांच्याकडे. आजी-आजोबांना वाटतं, आपल्याला फिरायला आणलंय. दोघं बोलत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी आजी दमलेली, सून अवघडलेली.

यावर सोपा उपाय म्हणजे वेळ ठरवून घेणं. दिवसातले दोन तास नातवंडं आजी-आजोबांकडे, बाकी वेळ आई-बाबांकडे किंवा क्लबमध्ये. एक संध्याकाळ फक्त आई-बाबांची, एक दुपार फक्त आजी-आजोबांची. रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी हे विचारा

– केबिन कनेक्टिंग आहे का, आणि लिफ्टपासून किती लांब आहे?
– प्रत्येकाच्या पासपोर्टनुसार कोणता व्हिसा किंवा परवाना लागेल?
– विम्यात जुने आजार आणि हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च आहे का?
– किती बंदरांवर लहान बोटीतून उतरायचं आहे?
– कुणाला मध्येच उतरावं लागलं तर सोबत कोण जाणार?
– तब्येतीमुळे रद्द करावं लागलं तर किती पैसे परत मिळतात आणि कोणत्या तारखेपर्यंत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. तीन पिढ्यांच्या सहलीत निघण्याच्या आठवड्यात कुणाची ना कुणाची तब्येत बिघडण्याची शक्यता जास्तच असते.